गोधडीच्या टाक्यांचा हिशेब

शहरांतील हस्तकलांच्या प्रदर्शनांत अलीकडे गोधडीला मानाचे स्थान मिळू लागले आहे. एके काळी पाहुणा दारात दिसताच जी लगबगीने आतल्या खोलीत ढकलली जाई, तीच वाकळ आता दिव्याच्या झोतात भिंतीवर टांगलेली असते. शेजारी एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर बहुधा 'टाकाऊतून टिकाऊ' असे लिहिलेले असते. पाहणारे कौतुक करतात, किंमत विचारतात आणि ती ऐकून पुष्कळदा चकित होतात. 'चिंध्यांचीच तर आहे. मग एवढे पैसे कशाचे?' हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारतो, कोणी मनातल्या मनात. प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्यात एक जुना आणि दृढ असा गैरसमज दडलेला आहे. कापड फुकटचे, म्हणून त्यापासून झालेली वस्तूही जवळजवळ फुकटचीच, असे हा प्रश्न गृहीत धरतो. या गृहीताचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहणे आवश्यक आहे.

गोधडी, वाकळ, चौघडी, तान्ह्या मुलाचे दुपटे अशी तिची नावे प्रदेशपरत्वे आणि आकारपरत्वे निरनिराळी आहेत. तिच्यामागचा व्यवहार मात्र सर्वत्र सारखाच होता. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर सुती कापड. ते मध्येच विरले की दोन्ही टोकांचे धड भाग जोडून, दांड घालून, ते पुन्हा नेसले जाई. दांड घातलेलेही विटले की त्यातून परकर, झबली, बाळोती निघत. त्याच्याही पलीकडे जे उरे ते बोचक्यात बांधून ठेवले जाई. धोतराचे पान, सदऱ्याची पाठ, मुलींच्या परकराचा घेर, शिंप्याकडून मागून आणलेली कात्रणे, असे सारे त्या बोचक्यात जमा होत असे. सुगी आटोपली, उन्हे तापली आणि पावसाळा जवळ आला की ही बोचकी सोडली जात.

पद्धतही ठरलेली होती. एक जुने लुगडे जमिनीवर ताणून अंथरावयाचे. ते सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवावयाचा. त्यावर जीर्ण कपड्यांचे थर सारख्या जाडीने पसरावयाचे. कोठे उंचवटा नको, कोठे खळगा नको. सर्वांत वर जोडलेल्या तुकड्यांचा थर. मग कडेपासून आरंभ करून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन साधत, मध्याकडे यावयाचे. टाका सगळे थर भेदून खाली गेला पाहिजे आणि वर परत आला पाहिजे. दोन ओळींत अंतर फार राहिले तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होते. म्हणून टाके जवळजवळ घालणे ही हौसेची बाब नव्हती. गोधडी टिकावयाची तर ते करावेच लागे.

टाक्यांची बेरीज

आता थोडे अंकगणित. एका माणसाला पांघरता येईल अशी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी घेऊ. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरले तर चार फुटांच्या रुंदीत ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची. म्हणजे एकूण ५७६ फूट, अर्थात पावणेदोनशे मीटर लांबीची शिवण. इंचाला चार टाके धरले तर ही संख्या २७,६४८ होते. चार-पाच थरांतून सुई ओढणाऱ्या हाताला मिनिटाला दहा टाके सतत साधतात असे उदारपणे मानले, तरी या कामाला ४६ तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे पावणेसहा दिवसांचे काम झाले. यात कपडे उसवणे, धुणे, तुकडे कापणे, रंग जुळवणे आणि ते एकमेकांना जोडणे यांचा वेळ धरलेला नाही. सुईचा दोरा संपतो, बोटाला टोचते, डोळे शिणतात, मूल रडते, चूल बोलावते, हेही या हिशेबाबाहेरच आहे.

जोडकामाचा वेळ तर कापडाच्या आकारावर अवलंबून असतो. अखंड लुगडे दुमडून वर घेतले तर जोडकाम जवळजवळ नाहीच. परंतु तेवढाच पृष्ठभाग दोन इंच रुंद आणि एक फूट लांब अशा धांदोट्यांनी भरावयाचा असेल, तर १४४ धांदोट्या लागतात. प्रत्येकीची कड दुमडावी लागते आणि प्रत्येक शेजारणीशी तिला शिवावी लागते. कापड जितके अधिक टाकाऊ, तितके त्याला उपयोगी आणण्याचे श्रम अधिक. सामान्य ग्राहकाची समजूत नेमकी याच्या उलट असते. कात्रणांची गोधडी अखंड कापडाच्या रजईपेक्षा स्वस्त असावी असे त्याला वाटते. कापडापुरते ते बरोबर आहे. श्रमापुरते साफ चूक आहे.

पांघरणाऱ्याचा गौरव

जीर्ण वस्त्राला या देशात तुच्छ मानले गेले, असे मात्र नाही. बौद्ध भिक्षूंचे चीवर मुळात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून केलेले असे. मगधातील बांध घातलेल्या शेतांची रचना पाहून त्या नमुन्याचे चीवर करावयास बुद्धाने आनंदाला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आली आहे. जनाबाईच्या आख्यायिकेत प्रत्यक्ष विठ्ठल आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून राउळात परततो. आणि अगदी अलीकडच्या काळात, १८७६ ते १९५६ या आयुष्यात, गाडगे महाराजांनी अंगावर चिंध्यांचेच वस्त्र बाळगले. पुष्कळ गावांतून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूनच ओळखत.

या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. येथे गौरव झाला तो पांघरणाऱ्याच्या वैराग्याचा. घरोघरच्या वाकळा ज्या हातांनी शिवल्या, त्यांच्या वाट्याला त्या गौरवातले फारसे काही आले नाही. अपवाद असेल तर भिक्षूंचाच. आपले चीवर ते स्वतः कापीत आणि शिवीत. सुई हाती धरणे त्यांना हीनपणाचे वाटले नाही. पुढच्या समाजाने चिंधीचे तत्त्वज्ञान तेवढे घेतले आणि सुई बायकांच्या हाती ठेवली. दारोदार फिरून वाकळा शिवून देणाऱ्या स्त्रियांनाही मूठ-पसा धान्य आणि एखादे जुने लुगडे यापलीकडे फार काही मिळाल्याचे दिसत नाही. चिंधीचा मोबदला चिंधीतच द्यावयाचा, असा तो न्याय होता.

कापड बदलले

घरातील गोधडी मागे पडली, याचा दोष पुष्कळदा नव्या पिढीच्या आळसाला दिला जातो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. त्यानंतर गिरणीचे कापड गावोगाव पोचले आणि चिंध्याही वाढल्या. त्या चिंध्या सुती होत्या, हे महत्त्वाचे. सुती कापड जसजसे विरते तसतसे मऊ होते, घाम शोषते आणि सुईला वाट देते. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. हे कापड विरत नाही, त्याचा रंग विटत नाही. पण ते घाम शोषीत नाही, थरांत घातले की सरकते आणि टाका नीट धरत नाही. जुनी साडी गोधडीसाठी नालायक ठरली ती तेव्हा. ती भांड्यांच्या मोबदल्यात बोहारणीच्या गाठोड्यात जाऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणगावातल्या घरांत सहजी येणारे स्वस्त सुती तुकडेही दुर्मिळ झाले. सोलापुरी चादर आणि यंत्रावर विणलेले ब्लँकेट यांनी उरलेली जागा घेतली.

दुसरीकडे टाकलेल्या कापडाचे ढीग मात्र वाढतच आहेत. तयार कपडे बेतताना दहा-पंधरा टक्के कापड कात्रणात जाते, असा त्या धंद्यातला सर्वसाधारण अंदाज आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने भारतात दर वर्षी हाताळल्या जाणाऱ्या टाकाऊ कापडाचा आकडा सुमारे ७८ लाख टन असा दिला. पानिपतचे कारखाने जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात. अशा उद्योगांची गरज आहेच, आणि घरोघरच्या सुईने हा डोंगर हलेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही कात्रणांच्या गोधडीला आज जी नवी मागणी आली आहे, ती या ढिगाच्या जाणिवेतूनच. मागणी इष्ट आहे. प्रश्न एवढाच, की या मागणीचा लाभ टाके घालणाऱ्या बाईपर्यंत पोचतो काय?

अहमदाबादचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळते. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या शेकडो गरीब स्त्रिया होत्या. त्यांत मुस्लिम वस्त्यांतील बायकांचा भरणा मोठा होता. चिंध्या व्यापारी देई, तयार खोळ तोच घेई आणि नगामागे किती पैसे द्यावयाचे हेही तोच ठरवी. मशीन, दोरा, जागा आणि पाठ-डोळे बाईचे. व्यापाऱ्याच्या लेखी ती मजूर नव्हतीच. घरी बसून 'फावल्या वेळात' चार पैसे मिळवणारी गृहिणी होती. १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या स्त्रियांना एकत्र आणले आणि दरवाढीची मागणी केली. वाढीव दर कागदावर मान्य होणे आणि तो हाती पडणे यांत अंतर असते, याचा अनुभव त्यांना आला. तेव्हा चिंध्यांसाठी व्यापाऱ्याचे तोंड पाहावयाचे नाही असे ठरवून त्यांनी स्वतःची सहकारी संस्था उभी केली.

या प्रकरणाचे मर्म चिंधीच्या मालकीत आहे. जी वस्तू बाजारात कवडीमोल, तीच हाती नसल्यामुळे या बायका परतंत्र होत्या. श्रम फुकट मानले जाण्याचे खरे कारण कापडाची किंमत हे नव्हतेच. श्रम करणारी एकटी होती, घरात होती आणि तिच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, हे ते कारण होते.

वहीत न उतरलेले काम

काम न म्हणण्याची ही सवय केवळ व्यापाऱ्यांची नाही. सरकारी वह्यांतही ती दिसते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय संकेत असे सांगतात, की घरच्या वापरासाठी बनवलेली वस्तूसुद्धा उत्पादनात धरावयाची असते. स्वयंपाक आणि झाडलोट त्यात येत नाहीत. शिवलेला कपडा येतो. या न्यायाने गोधडी हे उत्पादन होय. परंतु रोजगाराच्या राष्ट्रीय पाहणीत माणसाच्या कामाची नोंद ज्या सांकेतिक क्रमांकांनी होते, त्यांत ९३ हा क्रमांक पाहावा. घरकाम सांभाळून घरच्यासाठी सरपण गोळा करणे, शिवणे, विणणे इत्यादी करणाऱ्या व्यक्तीसाठी तो आहे, आणि या क्रमांकाची व्यक्ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते. म्हणजे एका वहीत गोधडी उत्पादनात मोडते आणि दुसऱ्या वहीत ती शिवणारी बाई काम करणाऱ्यांत मोडत नाही. कचेरीत दोन वह्यांचा मेळ न बसणे म्हणजे काय, हे कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको.

वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली. घरातील बिनमोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला. दोघांमधले अंतर दोनशे मिनिटांच्या आसपासच राहिले. 'फावला वेळ' हा शब्द कोणाच्या संदर्भात किती जपून वापरावा, हे या आकड्यांवरून कळावे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की आजीने नातवासाठी शिवलेल्या दुपट्यात माया असते. तिची मजुरी मोजणे हा त्या मायेचा अपमान नव्हे काय? आक्षेप मनाला भिडणारा आहे, पण टिकणारा नाही. श्रम मोजले म्हणून माया कमी होत नाही. उलट ४६ तासांचा आकडा पुढे आला तर त्या दुपट्याची ऊब नातवाला अधिकच जाणवेल. घरातल्या गोधडीची मजुरी कोणी मागितलेली नाही. मागणी एवढीच आहे, की ती करणारीला 'काही करीत नाही' असे कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप बाजाराचा. पावणेसहा दिवसांची रास्त मजुरी धरली तर गोधडी एवढी महाग होईल, की कोणी घेणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. हाताने शिवलेली गोधडी यंत्राच्या रजईशी किमतीत स्पर्धा करू शकणार नाही, हे उघड आहे. मग त्यावर प्रामाणिक मार्ग दोनच. जेथे यंत्रावर शिवून भागते तेथे खुशाल यंत्र वापरावे आणि तसे सांगून स्वस्तात विकावे. जेथे 'हातशिलाई' म्हणून किंमत आकारली जाते, तेथे त्या किमतीतला योग्य वाटा हाताला मिळावा. हातशिलाईचा मान दुकानाने घ्यावयाचा आणि स्पर्धेचे कारण सांगून मजुरी मात्र यंत्राच्या हिशेबाने द्यावयाची, हा तिसरा मार्ग सध्या सोयीचा झाला आहे. तो न्याय्य नाही.

शाळेतली सुई

या विचाराचा शाळेशी निकटचा संबंध आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. हेतू एकच होता. श्रम काय असतो, हे शिकणाऱ्या मुलाला हाताने कळावे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय होते, हे शिक्षक जाणतातच. 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू उद्या आणावयाची असते. आदल्या रात्री मूल झोपी जाते आणि आई डिंक-कात्री घेऊन बसते. सकाळी गुण मुलाला मिळतात. वस्तू टाकाऊतून झालेली असते हे खरे. पण ती आईच्या झोपेतूनही झालेली असते. श्रमाचे मोल शिकवण्यासाठी आखलेला तास श्रम झाकावयास कसा शिकवतो, याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. एखाद्या वर्गाने, मुलगे आणि मुली दोघांनीही, वर्षभरात मिळून एक गोधडी शिवावी. कापड घरोघरचे आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याचे. प्रत्येकाने आपण घातलेले टाके आणि लागलेली मिनिटे वहीत लिहावीत. वर्षाच्या शेवटी गणिताच्या शिक्षकांनी त्या मिनिटांची बेरीज फळ्यावर करून घ्यावी आणि सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या दराने तिला गुणावे. हा एक गुणाकार मुलांच्या लक्षात राहील. गोधडी गावातल्या दवाखान्याला किंवा वसतिगृहाला द्यावी.

बाजारापुरते बोलावयाचे तर मागणी साधी आहे. नगावर होणाऱ्या कामाचा किमान दर ठरवण्याची तरतूद १९४८ च्या कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती ठेवलेली आहे. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला. त्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. ती जेव्हा मिळेल तेव्हा मिळो. तोवर सरकारी साह्याने भरणाऱ्या प्रदर्शनांना आणि महिलांच्या बचतगटांचा माल विकणाऱ्या संस्थांना एक गोष्ट आजच करता येईल. गोधडीवरच्या चिठ्ठीवर तिला लागलेले तास आणि शिवणारीला मिळालेली रक्कम हे दोन आकडे लिहावेत. ग्राहकाने तेवढे वाचावे आणि मग किंमत जास्त की कमी ते ठरवावे.

कापड वाया जाऊ नये, ही गोधडीची जुनी शिकवण आहे आणि ढिगांच्या या काळात ती अधिकच मोलाची आहे. परंतु काटकसरीचा नियम सर्वांना सारखा लावावयास हवा. ज्या समाजाला दोन इंची धांदोटी फेकून देताना हळहळ वाटते, त्याने ती जोडण्यात गेलेल्या दुपारीही वाया गेल्या असे मानू नये. चिंधी फुकट मिळाली असेल. सत्तावीस हजार टाके कोणालाच फुकट पडलेले नाहीत.